विश्लेषण : इन्सुलिनची कुपी मिळते, पण डोसचा हिशेब कोण शिकवणार?

सरकारी रुग्णालयात उपचार मोफत झाले, जनऔषधी केंद्रांमुळे औषधे काहीशी स्वस्त झाली, तरी इन्सुलिन सुरू झालेल्या अनेक मधुमेहींची साखर आटोक्यात येत नाही. कधी ती तीनशेवर जाते, तर कधी अचानक इतकी घसरते की माणूस बेशुद्ध पडतो. दोष औषधाचा असतोच असे नाही. इन्सुलिन हे ‘सकाळी एक, रात्री एक’ असे डोळे झाकून घेण्याचे औषध नव्हे. कुपीची तीव्रता, सिरिंज, जेवणाची वेळ, अंगमेहनत आणि घरी केलेली तपासणी या सगळ्यांचा मेळ बसला, तरच ते काम करते. पेण आणि रोहा तालुक्यांत कारखान्यांच्या पाळ्या, गणेशमूर्तींचा हंगाम, भाताचे जेवण आणि पावसाळ्यात जाणारी वीज यांमुळे हा मेळ बसवणे आणखी कठीण होते. तो कसा बसवायचा आणि त्यात सरकारी यंत्रणेची जबाबदारी कोणती, याविषयी...

इन्सुलिन शरीरात नेमके काय करते?

आपण खाल्लेला भात, भाकरी, पोहे यांचे पचनानंतर ग्लुकोज होते आणि ते रक्तात उतरते. रक्तातले हे ग्लुकोज स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींमध्ये शिरण्यासाठी इन्सुलिन हे संप्रेरक लागते. यकृत स्वतःही साखर तयार करून रक्तात सोडत असते. त्याला लगाम घालण्याचे कामही इन्सुलिनच करते. स्वादुपिंडातील बीटा पेशी ते तयार करतात. निरोगी माणसाच्या शरीरात त्याचा थोडा पुरवठा दिवसरात्र चालू असतो आणि जेवणानंतर तो वाढतो.

टाइप १ मधुमेहात या पेशी जवळपास पूर्ण नष्ट होतात. अशा रुग्णाला, मग तो सहा वर्षांचा असो वा साठ, पहिल्या दिवसापासून इन्सुलिन लागते आणि ते थांबवता येत नाही. टाइप २ मध्ये सुरुवातीला इन्सुलिन असते, पण त्याचा परिणाम कमी होतो. पुढे वर्षागणिक त्याचे उत्पादनही घटते.

बाहेरून इन्सुलिन देण्याचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. त्याआधी टाइप १ चे निदान म्हणजे काही महिन्यांत मृत्यू, असाच अर्थ होता. १९२३ मध्ये संशोधकांनी पेटंटचे हक्क प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला दिले. औषध सर्वांना मिळावे, हा त्यामागचा हेतू होता.

इन्सुलिन म्हणजे शेवटचा टप्पा का?

नाही. ‘सुई लागली म्हणजे आता संपले’ आणि ‘एकदा सुरू केले की सवय लागते’ हे दोन्ही समज नुकसान करतात. बारा-पंधरा वर्षे टाइप २ मधुमेह असलेल्या अनेकांच्या शरीरात इन्सुलिन पुरेसे बनत नाही. तेव्हा गोळ्या वाढवत राहण्यात अर्थ नसतो. जी वस्तू शरीरात कमी पडते, तीच बाहेरून दिली जाते. गरोदरपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा गंभीर संसर्गात ते काही काळापुरतेही दिले जाते आणि नंतर बंद करता येते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांमधील प्रमाण ११.४ टक्के आहे. शेजारच्या गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. हा आजार फक्त लठ्ठ माणसांचा, हा समजही जुना झाला. दिसायला सडपातळ भारतीयांच्या शरीरातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने जगासमोर आणले. कोकणातल्या काटक, बारीक माणसाने ‘मला कशी होईल शुगर’ असे म्हणत तपासणी टाळू नये, ती याचसाठी.

सगळी इन्सुलिन सारखीच असतात का?

नावे अनेक असली तरी फरक मुख्यतः वेळेचा आहे. साधे, पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे मानवी इन्सुलिन टोचल्यावर सुमारे अर्ध्या तासाने काम सुरू करते, दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि सहा ते आठ तासांत ते ओसरते. म्हणूनच ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात. दुसरे गढूळ दिसणारे, मध्यम मुदतीचे इन्सुलिन. ते बारा ते अठरा तास चालते. या दोघांचे ३० आणि ७० टक्के असे तयार मिश्रण सरकारी रुग्णालयांत आणि साध्या दवाखान्यांत मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. ते सहसा दिवसातून दोनदा, न्याहारीआधी आणि रात्रीच्या जेवणाआधी घेतात.

नव्या पिढीच्या इन्सुलिनमध्ये अगदी जलद काम करणारी आणि २४ तास संथ चालणारी असे दोन गट आहेत. जलद इन्सुलिन जेवायला बसताना घेता येते. २४ तासांच्या इन्सुलिनमध्ये जोराचा असा ठळक काळ नसल्याने रात्री साखर पडण्याचा धोका कमी होतो. मात्र किंमत जास्त असते. यातील ग्लार्जिन हे इन्सुलिन २०२२ मध्ये देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आले.

रुग्णाने दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात : आपले इन्सुलिन कोणत्या वेळेचे आहे आणि त्याचा जोर कधी असतो. मिश्रण सकाळी साडेसातला घेतले, तर त्यातील मध्यम इन्सुलिनचा जोर दुपारच्या सुमारास येणार. त्या वेळी दुपारचे जेवण चुकले, तर साखर पडणार. हे गणित समजले की अर्धी भीती जाते.

लाल टोपी आणि केशरी टोपी यांचा घोळ काय?

भारतात सर्वांत धोकादायक चूक इथे होते. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांमध्ये मिळते. बहुतेक काचेच्या कुप्यांत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात. पेनमध्ये बसणाऱ्या कार्ट्रिजमध्ये आणि काही कुप्यांत एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात. ४० च्या कुपीसाठी लाल टोपीची, तर १०० साठी केशरी टोपीची सिरिंज असते. दोन्हींवरच्या खुणा वेगळ्या मापाच्या असतात.

समजा डॉक्टरांनी २० युनिट सांगितले आहेत. ४० च्या कुपीतून लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अर्धा मिलिलिटर औषध येते आणि डोस बरोबर २० युनिट होतो. तीच लाल टोपीची सिरिंज १०० च्या इन्सुलिनमध्ये घातली, तर अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट जातात. म्हणजे अडीचपट डोस. यात जीवही जाऊ शकतो. उलट ४० च्या कुपीतून केशरी टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत घेतले, तर शरीरात फक्त ८ युनिट जातात. मग ‘इन्सुलिन घेऊनही शुगर तीनशे’ अशी तक्रार सुरू होते आणि डोस विनाकारण वाढवला जातो.

हा घोळ होण्याची शक्यता सध्या अधिक आहे. मानवी इन्सुलिनची पेनसाठीची काही उत्पादने भारतात टप्प्याटप्प्याने बंद होत असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. कुप्या मात्र सुरू राहणार आहेत. वर्षानुवर्षे पेन वापरणारा रुग्ण कुपीवर आला, तर त्याला सिरिंज, तीव्रता आणि टोचण्याची पद्धत असे सगळेच नव्याने शिकावे लागते. पेनच्या कार्ट्रिजमधून साध्या सिरिंजने औषध ओढणेही टाळावे.

उपाय साधा आहे. कुपी आणि सिरिंज एकाच वेळी, एकाच दुकानातून घ्यावी. दोन्हींवरचा आकडा, ४० की १००, मोठ्याने वाचून जुळवावा. औषध दुकानदाराने न विचारताही हे तपासून द्यावे. मुंबईहून मुलाने आणून दिलेली कुपी आणि पेणच्या दुकानातली सिरिंज अशी जोडी जमवताना तर दुप्पट काळजी घ्यावी.

घरच्या तपासणीवरून काय समजायचे?

इन्सुलिन घेणाऱ्याने महिन्यातून एकदा प्रयोगशाळेत जाऊन शुगर पाहणे म्हणजे महामार्गावर डोळे मिटून गाडी चालवून अधूनमधून उघडण्यासारखे आहे. घरी ग्लुकोमीटर हवाच. पण फक्त आकडा पाहून उपयोग नाही. त्या आकड्याला कोणता डोस जबाबदार आहे, हे कळले पाहिजे.

दिवसातून दोनदा मिश्रण घेणाऱ्यांसाठी ढोबळ नियम असा : सकाळी उपाशीपोटीचा आकडा आदल्या रात्रीच्या डोसबद्दल सांगतो, तर रात्रीच्या जेवणाआधीचा आकडा सकाळच्या डोसबद्दल सांगतो. सकाळची शुगर रोज २२० येत असेल आणि संध्याकाळची १३०, तर प्रश्न रात्रीच्या डोसचा किंवा रात्रीच्या जेवणाचा आहे. अशा वेळी सकाळचा डोस वाढवला, तर दुपारी साखर पडेल आणि सकाळचा आकडा तिथेच राहील.

बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, हे उद्दिष्ट धरले जाते. वयोवृद्ध, एकटे राहणारे, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असलेले यांच्यासाठी डॉक्टर ते मुद्दाम सैल ठेवतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी उपयोगी आहे, पण ती चढउतार लपवते. एकदा ६० आणि एकदा ३००, असे हेलकावे खाणाऱ्याची सरासरीही ठीकठाक दिसू शकते.

रोज चार वेळा बोट टोचणे प्रत्येकाला परवडणार नाही. एका पट्टीला २० रुपये धरले आणि रोज दोन तपासण्या केल्या, तरी महिन्याला १,२०० रुपये होतात. रोजंदारीवरच्या माणसाला हा खर्च जड आहे. अशांनी आठवड्यातले दोन-तीन दिवस ठरवून सकाळी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासावे आणि वहीत तारीख, वेळ, आकडा, डोस लिहावा. डॉक्टरांना दाखवायला चार आठवड्यांची अशी वही कोणत्याही एकट्या रिपोर्टपेक्षा मोलाची ठरते. डोसमधला बदल त्यांच्या सल्ल्यानेच करावा.

धाटावची रात्रपाळी आणि हमरापूरचा हंगाम यांत डोस कसा बसवायचा?

इन्सुलिनच्या चिठ्ठीवर ‘सकाळी’ आणि ‘रात्री’ असे लिहिलेले असते. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत काम करणाऱ्यासाठी सकाळ आणि रात्र यांचा अर्थ आठवड्यागणिक बदलतो. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला कामगार न्याहारी करून झोपला आणि सवयीने सकाळचा मोठा डोस घेतला, तर त्याचा जोर ऐन झोपेत येतो. झोपेत साखर पडल्याचे कळतही नाही.

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे, कळवे या गावांत गणेशमूर्तींच्या कारखान्यांचा वर्षातला सर्वांत धावपळीचा काळ गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यांचा. जागरणे होतात, जेवण रात्री अकराला होते, मधेच चहा आणि वडापाव. लावणीच्या दिवसांत शेतावर उतरणाऱ्यांचेही तसेच. अंगमेहनत वाढली की स्नायू साखर जास्त खेचतात आणि तोच डोस जास्त ठरतो. हा परिणाम कामानंतर कित्येक तास, रात्रीपर्यंतही टिकू शकतो.

म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर फक्त रिपोर्ट नव्हे, तर कामाचे वेळापत्रकही सांगावे. पाळी बदलते, हंगाम येतो, रमजान येतो, हे आधी सांगितले तर डोसचे दोन तक्ते करून घेता येतात. इन्सुलिन घड्याळाशी न बांधता जेवणाशी बांधावे, हे सूत्र मिश्रण आणि जलद इन्सुलिनसाठी महत्त्वाचे आहे. जेवण नाही, तर जेवणाचा डोस नाही. २४ तासांच्या इन्सुलिनची वेळ मात्र शक्यतो एकच ठेवावी.

रासायनिक कारखान्यात उंचीवर किंवा रिअॅक्टरपाशी काम करणाऱ्याची साखर घसरली, तर धोका त्याच्या एकट्यापुरता राहत नाही. मुंबई-गोवा महामार्गावरच्या टेम्पोचालकांचेही तेच. गाडी हाती घेण्याआधी तपासावे. आकडा ९० च्या खाली असेल, तर काही खाऊन, पुन्हा तपासून मगच निघावे. नोकरी जाईल या भीतीने आजार लपवणे सर्वांत महाग पडते. तो लपवावा लागू नये, असे वातावरण देणे हे व्यवस्थापनाचे काम आहे.

भात सोडायचा का? उपवासाचे काय?

भात सोडायची गरज नाही. त्याचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवायची गरज आहे. डोस ठरतो तो ताटातल्या पिष्टमय पदार्थांवर. एके दिवशी दोन वाट्या भात आणि दुसऱ्या दिवशी चार, असे झाले तर एकच डोस दोन्ही दिवशी बरोबर कसा ठरेल? तांदळाची भाकरी, पोहे, पोह्याचे पापड हेही भाताचेच भाऊबंद. ते जोडीला खाल्ले, तर भात तेवढा कमी करावा.

मासे आणि अंड्यांनी साखर फारशी वाढत नाही. पण ‘आज भात नको, नुसती मासळी खातो’ असे ठरवून डोस पूर्ण घेतला, तर साखर पडू शकते. ही चूक चांगल्या हेतूने होते. हिवाळ्यात शेतावर पोपटी लागली की वालाच्या शेंगांबरोबर बटाटे, रताळीही पोटात जातात. त्यांचा हिशेब भाताच्या खात्यात धरावा.

संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र या उपवासांत दोन टोके दिसतात. काही जण दिवसभर काहीच खात नाहीत आणि सकाळचा डोस नेहमीसारखा घेतात. काही जण साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा भरपूर खातात आणि ‘उपवास आहे’ म्हणून डोसच घेत नाहीत. दोन्ही चुकीचे. रमजानमध्ये सहरी आणि इफ्तारच्या वेळांनुसार डोस बदलावा लागतो आणि तो रोजे सुरू होण्याच्या काही आठवडे आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. साखर ७० च्या खाली गेली, तर उपवास सोडावाच. त्यात श्रद्धेला बाधा येत नाही.

आजारपणाचा नियम वेगळा आहे. ताप आला, जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करू नये. तापात साखर उलट वाढते. टाइप १ च्या रुग्णाने इन्सुलिन बंद केले, तर रक्तात आम्ल साचून दोन-तीन दिवसांत प्राणावर बेतू शकते. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टोची साथ असते, तेव्हा हे घरातल्या सर्वांना ठाऊक हवे. वारंवार उलट्या, पोटदुखी, धाप लागणे ही रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत.

साखर अचानक पडली तर?

रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की ती ‘पडली’ असे समजावे. ५४ च्या खाली गेली, तर प्रकरण गंभीर. घाम, हातांची थरथर, धडधड, कडकडून भूक, चिडचिड ही पहिली लक्षणे. पुढे बोलणे अडखळते, माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो, बेशुद्ध पडतो. कोकणच्या दमट हवेत घाम सर्वांनाच येतो. त्यामुळे ‘उकडतंय’ म्हणून ही खूण दुर्लक्षिली जाते. शंका आली तर तपासावे. तपासण्याची सोय नसेल, तर आधी साखर द्यावी.

उपाय पंधराचा. सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा ७० च्या वर आला नसेल, तर पुन्हा तेवढेच द्यावे. नंतर जेवण किंवा दोन-चार बिस्किटे खावीत. चॉकलेट, पेढा, लाडू यांत तूप आणि स्निग्धांश असल्याने साखर उशिरा चढते. त्या क्षणी ते उपयोगाचे नाहीत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये, श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

साखर काटेकोर ठेवण्याचा फायदा आणि हा धोका एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील गाजलेल्या चाचणीत टाइप १ च्या रुग्णांमध्ये काटेकोर उपचारांनी डोळे, मूत्रपिंड आणि नसांचे नुकसान मोठ्या प्रमाणात टळले, पण साखर गंभीररीत्या पडण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. म्हणजे उद्दिष्ट जितके कडक, तितकी तपासणी जास्त हवी. तपासणीविना कडक डोस देणे हा उपचार नव्हे.

फ्रिज नसेल, वीज गेली असेल तर?

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला, फ्रिजच्या दारात ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून नको. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी फेकूनच द्यावे. वापरात असलेली कुपी खोलीच्या तापमानाला, उन्हापासून दूर, साधारण चार ते सहा आठवडे चालते. नेमकी मुदत पाकिटावर असते. कुपी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी. ४० च्या दहा मिलिलिटर कुपीत ४०० युनिट असतात. रोज १० युनिट घेणाऱ्याला ती ४० दिवस पुरेल, पण तिची मुदत त्याआधी संपू शकते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा वेळी फ्रिज म्हणजे नुसते कपाट. पण घाबरून सगळा साठा टाकून द्यायची गरज नसते. कोक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार, न उघडलेले मानवी इन्सुलिन २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत सुमारे दोन महिने परिणामकारकता फारशी न गमावता राहू शकते. याचा अर्थ फ्रिजची गरज नाही असा नव्हे. दोन-चार दिवस वीज नसली तरी औषध लगेच निकामी होत नाही, एवढाच तो आहे. खरा शत्रू आहे ऊन : दुचाकीची डिकी, गाडीचा डॅशबोर्ड, पत्र्याच्या घराचा वरचा फळा.

डोंगराकडच्या आदिवासी वाड्यांवर, जिथे फ्रिजच नाही, तिथे मातीच्या माठाचा उपाय चालतो. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात लहान मडके आणि त्यात घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात कुपी. बाष्पीभवनाने आतले तापमान काही अंशांनी उतरते. मात्र हवा जितकी दमट, तितके बाष्पीभवन कमी. त्यामुळे कोकणात हा माठ सावलीत आणि वारा लागेल अशा जागी ठेवावा. बर्फाला थेट लावून ठेवण्यापेक्षा तो केव्हाही बरा.

स्वच्छ इन्सुलिन गढूळ दिसू लागले, मिश्रणात गुठळ्या किंवा कुपीच्या आत काचेवर पांढरा थर दिसला, तर ते वापरू नये. गढूळ मिश्रण घेण्याआधी कुपी दोन्ही तळव्यांत दहा-वीस वेळा हळू फिरवावी. जोरात हलवू नये.

टोचण्याची जागा का बदलावी लागते?

पोट, मांडीचा बाहेरचा भाग, दंड आणि नितंब या जागा योग्य. रोज एकाच ठिकाणी टोचले की तिथे चरबीची मऊ गाठ होते. त्या गाठीत दुखत नाही, म्हणून लोक मुद्दाम तिथेच टोचतात. पण तिथून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषले जाते. साखर विनाकारण हेलकावे खात असेल, तर आधी पोटावर हात फिरवून गाठी पाहाव्यात. दोन टोचण्यांत किमान एका बोटाचे अंतर ठेवावे. गाठीची जागा सोडून निरोगी जागी टोचायला सुरुवात केली की तोच डोस जास्त लागू होऊ शकतो, म्हणून ते डॉक्टरांना सांगून करावे. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद करून आरोग्य केंद्रात द्याव्यात. कचऱ्यात टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते.

सरकारी व्यवस्था काय देते आणि काय सुटते?

असंसर्गजन्य आजारांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. तीस वर्षांवरील नागरिकांची मधुमेह-रक्तदाब तपासणी उपकेंद्रापर्यंत नेण्यात आली आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. पेण आणि रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. कागदावर साखळी उभी आहे.

सुटते ते कुपी हातात पडल्यानंतरचे. मधुमेह शोधण्याची तपासणी आरोग्य केंद्रात होते, पण इन्सुलिन घेणाऱ्याला घरी रोज लागणाऱ्या पट्ट्यांचा खर्च बहुतेक वेळा त्याच्याच खिशातून जातो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना एका रुग्णासाठी मिळणाऱ्या काही मिनिटांत सिरिंजचे माप, जागा बदलणे, साखर पडल्यावर काय करायचे, हे सगळे शिकवणे शक्य नसते. मग रुग्ण शेजाऱ्याकडून किंवा व्हॉट्सअॅपवरून शिकतो. शंभर वर्षांपूर्वी एका डॉलरला दिलेल्या औषधाचा लाभ रुग्णापर्यंत न पोहोचण्याचे कारण आता फक्त किंमत राहिलेले नाही.

यासाठी मोठ्या घोषणेची गरज नाही. पहिली गोष्ट, इन्सुलिन सुरू करताना प्रत्येक रुग्णाला आणि घरातल्या एका व्यक्तीला परिचारिका किंवा समुपदेशकाकडून अर्धा तास शिकवणे बंधनकारक करावे आणि रुग्णाने स्वतः सिरिंज भरून दाखवल्याशिवाय ते शिक्षण पूर्ण धरू नये. दुसरी, कुपीबरोबर जुळणारी सिरिंज आणि महिन्याला किमान २० ते ३० पट्ट्या द्याव्यात. मूत्रपिंड निकामी झाल्यावर वर्षानुवर्षे मोफत डायलिसिस देण्यापेक्षा हा खर्च किती तरी कमी आहे. तिसरी, आशा सेविका आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी आपल्या भागातील इन्सुलिन घेणाऱ्यांची यादी मे महिन्यातच तयार ठेवावी, म्हणजे वादळ-पुरात रस्ता तुटण्याआधी महिनाभराचा साठा घरी पोहोचेल. चौथी, धाटावसारख्या वसाहतींतील कारखान्यांच्या आरोग्य केंद्रांत प्रत्येक पाळीला ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज हाताशी असावे आणि इन्सुलिन घेणाऱ्या कामगाराला पाळी बदलण्याआधी डॉक्टरांना भेटण्याची सवड मिळावी.

तोवर रुग्णाने आणि घरच्यांनी आजच करता येण्यासारखे एक काम आहे. घरातील कुपी आणि सिरिंज बाहेर काढून दोन्हींवरचा आकडा वाचावा. ४० ला ४० आणि १०० ला १०० जुळत नसेल, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला फोन करावा.